एक्सेलमधला हिशेब नेमका कुठे चुकतो: कोऱ्या शीटपासून पासबुकाच्या जुळणीपर्यंत

पंचवटीतल्या माझ्या टेबलावर आठवड्यातून दोन-तीन तरी लॅपटॉप उघडे पडतात. तक्रार बहुतेक एकच असते: "टोटल चुकतेय, फॉर्म्युला बघा." फॉर्म्युला बघितला तर तो बरोबर असतो. चूक त्याच्या आधी कधीतरी झालेली असते. वजनाच्या सेलमध्ये (चौकटीत) आकड्यासोबत 'क्विंटल' लिहिलेलं असतं, किंवा तारखेच्या जागी तारखेसारखा दिसणारा मजकूर असतो. आपण एक्सेलकडे चौकटींची वही म्हणून बघतो. वहीत काहीही लिहिलं तरी वाचणारा माणूस समजून घेतो, एक्सेल घेत नाही.

म्हणून इथे टप्पे ज्या क्रमाने दिलेत त्याच क्रमाने जा. उदाहरणाला निफाड तालुक्यातल्या एका घरचा कांदाविक्रीचा हिशेब घेतलाय. तुमचा हिशेब द्राक्षांचा, किराणा दुकानाचा किंवा सोसायटीचा असला तरी क्रम बदलत नाही. गुगल शीट्समध्येही जवळपास सगळं असंच चालतं. फरक असेल तिथे सांगतो.

एक खुलासा आधीच. फॉर्म्युले इथे देवनागरीत छापलेत. टाइप करताना अक्षरं आणि अंक दोन्ही इंग्रजीच हवेत. 'सम' म्हणजे एस, यू, एम. 'ई२' म्हणजे इंग्रजी ई आणि इंग्रजी दोन.

१. लॅपटॉप बंद ठेवून कागदावर कॉलम ठरवा

हा टप्पा दहापैकी नऊ जण सोडून देतात. एक्सेल उघडतात, पहिल्या ओळीत गावाचं आणि शेतकऱ्याचं नाव मोठ्या अक्षरांत लिहितात, आठ सेल एकत्र करतात, पिवळा रंग भरतात आणि मग विचार करतात की पुढे काय. रंग शेवटी द्यायचा.

आधी बाजार समितीतून आलेल्या दोन-तीन पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या पावत्या, समोर ठेवा. पट्टीवरची कोणती माहिती वर्षअखेरीला लागणार आहे? आपल्या उदाहरणात एवढी पुरे:

ए – तारीख
बी – बाजार
सी – प्रकार (लाल, उन्हाळ)
डी – पट्टी नंबर
ई – वजन, क्विंटलमध्ये
एफ – भाव, क्विंटलला
जी – रक्कम
एच – कपात (हमाली, तोलाई, वाराई मिळून)
आय – गाडीभाडं
जे – हातात

नियम दोनच आहेत. एका ओळीत एकच व्यवहार आणि एका सेलमध्ये एकच गोष्ट. 'लासलगाव, उन्हाळ, १७.४०' असं एकाच सेलमध्ये कोंबलंत तर उद्या लासलगावचं वजन वेगळं काढता येणार नाही. आणि एकाच दिवशी दोन ट्रॅक्टर गेले, दोन पट्ट्या झाल्या, तर ओळीही दोन.

महिन्यागणिक वेगळी शीट करण्याचा मोह होतो. करू नका. सगळ्या नोंदी एकाच शीटमध्ये एकाखाली एक येऊ द्या. जागेची चिंता नको, एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी असतात. महिना पुढे फिल्टरने, म्हणजे हव्या तेवढ्याच ओळी दाखवून, वेगळा काढता येतो. बारा शीट एकत्र करायला मात्र रविवार जातो.

२. तारखेची सेटिंग एकदाच नीट लावा

नव्या लॅपटॉपमध्ये विंडोज बऱ्याचदा अमेरिकन तारखेवर असतं, म्हणजे आधी महिना, मग दिवस. तुम्ही ०५/०३/२०२५ टाइप करता ते ५ मार्च म्हणून. ते घेतं ३ मे. काही बोलत नाही, गुपचूप घेतं. पुढे तुम्ही २५/०३/२०२५ टाइप करता. पंचविसावा महिना नसतो, म्हणून ती नोंद मजकूर होऊन बसते. एकाच कॉलममध्ये काही तारखा चुकीच्या आणि काही तारखाच नाहीत, असा घोळ तयार होतो.

उपाय: कंट्रोल पॅनेल, रीजन, फॉरमॅट, तिथे 'इंग्लिश (इंडिया)' निवडा. एक्सेल बंद करून परत उघडा. याचा आणखी एक फायदा म्हणजे स्वल्पविराम आपल्या पद्धतीने, लाखाला पडतो. गुगल शीट्समध्ये फाइल मेनूतल्या सेटिंग्जमध्ये 'लोकेल' आहे, तिथे इंडिया करा.

सावध: सेटिंग बदलल्याने आधी चुकलेल्या तारखा सुधारत नाहीत. ३ मे म्हणून साठवलेली तारीख ३ मे म्हणूनच राहते. त्या हातानेच दुरुस्त कराव्या लागतात.

आणखी एक सवय मोडा. आपण वहीत ०५.०३.२५ असं टिंब देऊन लिहितो. एक्सेलला टिंबाची तारीख कळत नाही, तो मजकूर धरतो. तिरकी रेघ किंवा आडवी रेघच वापरा. आजची तारीख हवी असेल तर कंट्रोल धरून अर्धविराम दाबा, टाइप करायची गरजच नाही.

३. पहिली ओळ शीर्षकांची, तीही साधी

पहिल्या ओळीत ए१ पासून जे१ पर्यंत शीर्षकं लिहा. त्याच्या वर काही नको. गावाचं नाव, हंगाम, वर्ष हे सगळं फाइलच्या नावात जाऊ द्या. सेल एकत्र करू नका. एकत्र केलेले सेल नोंदींच्या मध्ये आले की सॉर्ट (ओळी क्रमाने लावणं) चालतच नाही, एक्सेल सरळ नकार देतं.

दोन कॉलमच्या मध्ये रिकामा कॉलम सोडू नका आणि नोंदींमध्ये रिकामी ओळ सोडू नका. 'मोकळं दिसतं' हे कारण मी स्वतः वापरलेलं आहे. ते किती महागात पडलं ते नवव्या टप्प्यात सांगतो.

आता व्ह्यू, फ्रीझ पेन्स, फ्रीझ टॉप रो. ओळी कितीही खाली गेल्या तरी शीर्षक वर दिसत राहील. हे न केल्यामुळे दीडशेव्या ओळीत कपातीच्या जागी भाव लिहिणारे लोक मी पाहिलेत.

४. नोंदी भरण्याआधी कॉलमचा प्रकार ठरवा

आधी, नंतर नाही.

एक प्रयोग करून बघा. कोऱ्या सेलमध्ये इंग्रजी अंकांत ७/१२ टाइप करा आणि एंटर मारा. सातबारा गेला, ७ डिसेंबर आला. सेटिंग अमेरिकन असेल तर १२ जुलै. गट नंबर १२/३ लिहिलात की १२ मार्च. आणि आता त्या सेलचा प्रकार बदलून 'टेक्स्ट' केलात तर परत ७/१२ येत नाही, पाच आकडी संख्या येते. कारण एक्सेल तारीख म्हणजे १ जानेवारी १९०० पासून मोजलेला दिवसांचा आकडा म्हणून साठवतं. १ जानेवारी २०२५ म्हणजे त्याच्या लेखी ४५,६५८. कधी तारखेच्या जागी असा आकडा दिसला तर घाबरू नका, नुसता प्रकार बदलून तारीख करा.

तर कॉलम असे लावा. कॉलमच्या अक्षरावर क्लिक करा, कंट्रोल आणि १ दाबा, खिडकी उघडते.

ए कॉलम: डेट, आणि त्यातला महिना अक्षरांत दिसणारा प्रकार निवडा, ०५-मार्च-२०२५ असा. महिना अक्षरांत दिसला की मे आणि मार्चचा घोटाळा तिथल्या तिथे डोळ्याला खुपतो.

डी कॉलम: टेक्स्ट. पट्टी नंबरची बेरीज कोणी करत नाही. जिची बेरीज-वजाबाकी करायची नाही ती गोष्ट आकड्यासारखी दिसली तरी टेक्स्ट. मोबाइल नंबर, गट नंबर, बँकेचा खातेनंबर, सगळे यातच.

ई ते जे: नंबर, दोन दशांश स्थळं.

खातेनंबराबद्दल जरा जास्त सांगतो. एक्सेल आकडा म्हणून फक्त १५ अंक सांभाळतं. १६ अंकी खातेनंबर आकडा म्हणून टाकलात तर शेवटचा अंक शून्य होतो, आणि सुरुवातीची शून्यं असतील तर तीही गळून पडतात. एकदा गेलेला अंक परत मिळत नाही. पैसे पाठवायच्या यादीत हे झालं तर काय होईल ते सांगायला नको. बारा अंकी आधार नंबर तर १.२३ई+११ अशा विचित्र रूपात दिसतो. खरं तर आधार नंबर अशा शीटमध्ये ठेवूच नये, ती व्हॉट्सॲपवरून कुठे-कुठे फिरते.

तपासणी: टेक्स्ट केलेल्या सेलमध्ये ००४५ टाइप करा. ००४५ च राहिलं तर कॉलम बरोबर लागलाय. ४५ झालं तर परत लावा.

५. दहा ओळी भरा आणि थांबा

अख्ख्या हंगामाच्या पट्ट्या एका बैठकीत भरायला घेऊ नका. दहा भरा, तपासा, मग पुढे.

वजनाच्या सेलमध्ये फक्त १७.४०. 'क्विं.' नको, 'कि.' नको. एकक शीर्षकात लिहिलेलंच आहे. भावाच्या सेलमध्ये रुपयाचं चिन्ह किंवा '/-' टाइप करू नका. '१२५०/-' हा एक्सेलच्या दृष्टीने मजकूर आहे.

बाजारांच्या नावांवर खरी मेख आहे. एक जण 'लासलगाव' लिहितो, दुसरा 'लासलगांव', तिसरा 'लासलगाव ' म्हणजे शेवटी स्पेस देऊन. तुमच्या-माझ्या डोळ्यांना एकच गाव, एक्सेलला तीन. हे टाळायला बी कॉलम निवडा, डेटा, डेटा व्हॅलिडेशन, लिस्ट, आणि खाली लासलगाव,विंचूर,पिंपळगाव,येवला असं स्वल्पविरामाने लिहा. आता प्रत्येक सेलला बाण येतो, नाव निवडायचं, टाइप करायचंच नाही. प्रकारासाठीही तसंच: लाल,उन्हाळ.

मराठी लिहिताना युनिकोड कीबोर्डच वापरा. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टाइप केलेली नावं तुमच्या कॉम्प्युटरवर छान दिसतात, पण ज्याच्याकडे तो फॉन्ट नाही त्याला कचरा दिसतो. फिल्टरच्या यादीतही कचराच येतो.

तपासणी: यासाठी फॉर्म्युला लागत नाही. ई कॉलममधले दहा आकडे माउसने निवडा आणि खिडकीच्या अगदी तळाशी बघा. ॲव्हरेज, काउंट, सम असे तीन आकडे दिसले तर ठीक. नुसतं काउंट दिसलं तर तुमचे सगळे आकडे मजकूर आहेत. दुसरी खूण अशी: काही छेडछाड न करता आकडा सेलच्या उजव्या कडेला चिकटतो, मजकूर डाव्या कडेला. म्हणून कॉलम 'सेंटर' करण्याची घाई नको, ही खूणच पुसली जाते.

मजकूर झालेले आकडे सुधारायला कॉलम निवडा, सेलचा प्रकार नंबर करा, मग डेटा, टेक्स्ट टू कॉलम्स आणि थेट फिनिश. 'क्विंटल' लिहिलेले सेल याने सुधारत नाहीत, तिथला शब्द आधी काढावा लागतो.

६. फॉर्म्युला: पहिल्या नोंदीच्या ओळीत लिहा, कॅल्क्युलेटरवर पडताळा

जी२ मध्ये: =ई२*एफ२
जे२ मध्ये: =जी२-एच२-आय२

बरोबरच्या चिन्हाशिवाय एक्सेल हिशेब करत नाही, नुसती अक्षरं दाखवतं. गुणाकाराला फुली नाही, तारा. आणि सेलची नावं टाइप करण्यापेक्षा बरोबरचं चिन्ह देऊन त्या-त्या सेलवर क्लिक करा, चूक कमी होते.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे =१७.४०*१२५० असे आकडेच फॉर्म्युल्यात लिहिणं. उत्तर बरोबर येतं, पण वजन दुरुस्त केलं तरी रक्कम हलत नाही.

आता गाडीभाडं. समजा क्विंटलला ४० रुपये ठरलेत. हा ४० प्रत्येक ओळीत लिहायचा नाही. तो एम१ मध्ये एकदाच लिहा. मधले दोन कॉलम इथे मुद्दाम रिकामे सोडलेत, म्हणजे तो सेल नोंदींमध्ये मिसळणार नाही. आय२ मध्ये: =ई२*$एम$१

तपासणी: कॅल्क्युलेटर घ्या. १७.४० गुणिले १,२५० म्हणजे २१,७५०. कपात २१० धरू. भाडं १७.४० गुणिले ४०, म्हणजे ६९६. हातात २०,८४४. शीटमध्ये हाच आकडा दिसला की मगच पुढे.

७. फॉर्म्युला खाली ओढणे, आणि डॉलरचं काय ते

सेलवर माउस फिरवताना तीन वेगवेगळे कर्सर दिसतात. जाड पांढरी अधिकची खूण म्हणजे सेल निवडणं. चार बाणांची खूण म्हणजे सेल उचलून दुसरीकडे नेणं. आणि सेलच्या उजव्या-खालच्या कोपऱ्यावर बारीक काळी अधिकची खूण म्हणजे फॉर्म्युला खाली भरणं. आपल्याला काळी हवी. ती दिसल्यावर ओढा किंवा डबल-क्लिक करा. डबल-क्लिकने शेजारच्या कॉलममध्ये जिथपर्यंत नोंदी आहेत तिथपर्यंत भरतं, मध्ये रिकामा सेल आला की तिथेच थांबू शकतं. तेव्हा शेवटच्या ओळीपर्यंत पोचलं का, ते खाली जाऊन बघा.

ओढताना एक्सेल सेलची नावंही खाली सरकवतं. ई२ चं ई३, ई४ होतं. हे आपल्याला हवंच आहे. पण डॉलर न देता =ई२*एम१ लिहिलं असतं तर पुढच्या ओळीत एम२ आलं असतं, त्याच्या पुढच्यात एम३. तिथे काहीच नाही. पहिल्या ओळीचं भाडं बरोबर आणि खालच्या सगळ्या ओळींत शून्य, असं दिसलं की समजायचं, डॉलर विसरलोय. फॉर्म्युल्यात एम१ वर कर्सर ठेवून एफ४ दाबा, दोन्ही डॉलर लागतात. बऱ्याच लॅपटॉपवर एफ४ आवाज किंवा स्क्रीनचा उजेड कमी-जास्त करतं, तिथे एफएन धरून दाबावं लागतं.

सावध: हे शून्य ओरडून सांगत नाही. भाडं शून्य झालं की 'हातात' फुगतं, आणि फुगलेल्या आकड्यावर कोणी शंका घेत नाही.

८. एकूण वेगळ्या शीटवर, आणि सरासरीचा सापळा

नोंदींच्या खाली लगेच टोटल मारू नका. उद्या नवी पट्टी आली की ती टोटलच्या खाली जाते, किंवा सॉर्ट केलं की टोटलची ओळ नोंदींत घुसते. खाली दुसरी शीट घ्या, नाव द्या 'गोषवारा'. पहिल्या शीटचं नाव 'नोंदी'.

गोषवाऱ्यात =सम( एवढं टाइप करा, नोंदी शीटवर जा, जे कॉलमच्या अक्षरावर क्लिक करा, कंस बंद, एंटर. पूर्ण कॉलम घेतल्यामुळे नव्या ओळी आपोआप येतात. शीर्षक मजकूर असल्याने बेरजेत धरलं जात नाही.

इथे एक बारकी गंमत आहे, जिने भल्याभल्यांना फसवलंय. मजकूर झालेला १७.४० गुणाकारात चालतो, रक्कम बरोबर येते. पण सम त्याला वगळतं, आणि वगळताना काही सांगत नाही. म्हणून रकमेची टोटल बरोबर आणि वजनाची कमी, असं होऊ शकतं. तसं झालं तर पाचव्या टप्प्यातली तपासणी परत करा.

आता सरासरी भाव. सगळे जण एफ कॉलमवर ॲव्हरेज लावतात. समजा २० क्विंटल कांदा ९०० ने गेला आणि ५ क्विंटल १,६०० ने. ॲव्हरेज सांगतं १,२५०. प्रत्यक्षात रक्कम आली १८,००० आणि ८,०००, मिळून २६,०००. वजन २५ क्विंटल. भाव पडला १,०४०. क्विंटलमागे २१० रुपयांचा फरक आहे हा! चाळीत (कांदा साठवायच्या शेडमध्ये) कांदा ठेवायचा की विकायचा हे तुम्ही या आकड्यावर ठरवणार असाल तर ॲव्हरेजला हात लावू नका. एकूण रकमेला एकूण वजनाने भागा, बस्स.

बाजारवार हिशेबासाठी 'समइफ' आहे: आधी कुठे शोधायचं, मग काय शोधायचं, मग कशाची बेरीज करायची. =समइफ(नोंदी!बी:बी,"लासलगाव",नोंदी!जे:जे). यात 'नोंदी' आणि 'लासलगाव' ही नावं मात्र मराठीतच, शीटमध्ये आहेत तशीच. अवतरणचिन्हं कीबोर्डवरची सरळ हवीत. व्हॉट्सॲप मेसेजमधून किंवा वर्डमधून फॉर्म्युला कॉपी केला की बऱ्याचदा वाकडी चिन्हं येतात आणि एक्सेल अडून बसतं.

तपासणी: चारही बाजारांच्या समइफची बेरीज एकूणाशी जुळली पाहिजे. जुळली नाही तर कुठेतरी 'लासलगांव' लपलेलं आहे.

शीटने शिव्या दिल्या तर त्यांचे अर्थ असे. ##### म्हणजे बहुधा कॉलम अरुंद आहे, रुंद करा. #व्हॅल्यू! म्हणजे आकड्याच्या जागी मजकूर आहे. #नेम? म्हणजे फंक्शनचं स्पेलिंग चुकलं किंवा अवतरणचिन्ह राहिलं. #डिव्ह/०! म्हणजे शून्याने किंवा रिकाम्या सेलने भागलंय. #रेफ! सगळ्यात वाईट, फॉर्म्युला ज्या सेलकडे बघत होता तो तुम्ही डिलीट केलाय. लगेच कंट्रोल झेड, म्हणजे शेवटचं केलेलं रद्द.

९. सॉर्ट आणि फिल्टर

आमच्या सोसायटीची ४८ फ्लॅटची थकबाकीची यादी मी करायचो. नाव आणि रक्कम यांच्यामध्ये दिसायला बरं म्हणून मी एक रिकामा कॉलम ठेवला होता. सर्वांत जास्त थकबाकी कोणाची ते बघायला रकमेच्या सेलवर क्लिक केलं आणि मोठ्याकडून लहानाकडे सॉर्ट मारलं. मधला कॉलम रिकामा असल्याने एक्सेलला ती दोन वेगळी टेबलं वाटली. रकमा हलल्या, नावं जागेवरच. यादी नोटीस बोर्डावर लागली. तासाभरात तळमजल्यावरच्या काकू पिशवीतून पावत्यांचा गठ्ठा काढत दारात उभ्या: "अरे, माझ्या नावापुढे चौदा हजार? आधी ह्या पावत्या बघ, मग बोल." मी फाइल सेव्ह करून बंद केलेली होती, त्यामुळे कंट्रोल झेडही हातातून गेला. यादी पावतीपुस्तकावरून पुन्हा केली.

म्हणून क्रम असा. आधी फाइलची एक प्रत. मग नोंदींमधल्या कुठल्याही एका सेलवर क्लिक, पूर्ण कॉलम निवडायचा नाही. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एल. शीर्षकांवर बाण येतात, सॉर्टही तिथूनच करा. कधी एक्सेलने विचारलंच की शेजारचे कॉलमही घेऊ का, तर 'एक्सपांड द सिलेक्शन' हेच उत्तर.

तपासणी: सॉर्ट करण्याआधी एका पट्टीचा नंबर आणि रक्कम कागदावर लिहून ठेवा. नंतर तोच नंबर शोधा. पुढे तीच रक्कम असेल तर सगळ्या ओळी शाबूत आहेत.

फिल्टर लावून फक्त येवल्याच्या ओळी दिसत असल्या तरी सम लपलेल्या ओळीही मोजतं. दिसणाऱ्यांचीच बेरीज हवी तर =सबटोटल(९,जे२:जे२००) वापरा. आणि फिल्टर काढायला विसरून "माझ्या निम्म्या नोंदी उडाल्या" म्हणून फोन करू नका. डावीकडचे ओळींचे आकडे निळे दिसतायत का, ते आधी बघा.

१०. प्रिंट

घरातल्या मोठ्यांना कागद लागतोच. पेज लेआउटमध्ये कागद ए४, आडवा. तिथेच 'विड्थ' एक पान करा, म्हणजे शेवटचा कॉलम एकटाच दुसऱ्या पानावर जाणार नाही. प्रिंट टायटल्समध्ये पहिली ओळ निवडा, प्रत्येक पानावर शीर्षक येईल. शीटवर दिसणाऱ्या फिकट रेघा छापल्या जात नाहीत, हव्या असतील तर बॉर्डर द्या. रंगाची हौस असेल तर ती आता भागवा. कंट्रोल पी दाबून आधी पडद्यावर बघा, मग कागद.

११. सेव्ह करणे आणि पाठवणे

एक्सेलचं ऑटोसेव्ह फाइल वनड्राइव्हसारख्या ऑनलाइन जागेत असेल तरच चालतं. लॅपटॉपच्या डेस्कटॉपवरच्या फाइलला ते नसतं, तिथे कंट्रोल एसची सवय हवी. लोडशेडिंगला तुमच्या हिशेबाशी देणंघेणं नाही. गुगल शीट्स आपोआप सेव्ह होतं आणि जुनी आवृत्तीही परत काढता येते. दोघा भावांना एकाच हिशेबात लिहायचं असेल तर तेच घ्या.

फाइलच्या नावात 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल खरं' नको. 'कांदा-२०२५-०३-०५' अशी वर्ष, महिना, दिवस या क्रमाने तारीख लिहा, फोल्डरमध्ये फाइली आपोआप ओळीने लागतात.

व्हॉट्सॲपवरून आलेली फाइल तिथूनच उघडून तिच्यात भरत बसू नका. आधी 'सेव्ह ॲज' करून आपल्या फोल्डरमध्ये आणा. आणि कोणी सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळी केलेली साध्या मजकुराची फाइल) मागितली तर प्रत काढून तिची करा, मूळ फाइल एक्सेलचीच राहू द्या. सीएसव्हीमध्ये फक्त समोरची शीट जाते, फॉर्म्युले जातात ते कायमचे. साध्या सीएसव्हीत मराठी नावांची प्रश्नचिन्हं होतात, त्यासाठी यूटीएफ-८ लिहिलेला प्रकार निवडा.

१२. पासबुकाशी जुळणी

महिन्याच्या शेवटी नोंदी शीटवर तो महिना फिल्टर करा. जी आणि एच या दोन कॉलमची सबटोटल काढा आणि रकमेतून कपात वजा करा. गाडीभाडं यात धरू नका, ते तुम्ही गाडीवाल्याला खिशातून दिलंय, व्यापाऱ्याने कापलेलं नाही. जो आकडा येईल तो त्या महिन्याच्या पट्ट्यांपोटी बँकेत जमा झालेल्या आणि रोख मिळालेल्या पैशांच्या बेरजेशी जुळायला हवा. महिनाअखेरच्या पट्टीचे पैसे पुढच्या महिन्यात जमा झाले असतील तर ते इकडे धरा.

जुळला नाही तर फरक किती ते काढा. त्याला ९ ने पूर्ण भाग गेला, तर कुठेतरी दोन अंकांची अदलाबदल झाली असण्याची शक्यता मोठी. कपात २१० च्या जागी १२० लिहिली की फरक येतो ९०. फरक एखाद्या पट्टीच्या, कपात वजा केलेल्या रकमेएवढाच असेल तर ती पट्टी एकतर राहिलीय किंवा दोनदा चढलीय. डी कॉलम सॉर्ट केला की दोनदा चढलेला नंबर एकाखाली एक दिसतो. कागदी पट्ट्या मात्र हंगाम संपून शेवटचा पैसा खात्यावर येईपर्यंत तारेला अडकवलेल्याच राहू द्या.